पावती काकांच्या नावावर, चावी तुमच्या खिशात

ताई,
आमचं कबड्डीचं क्रीडा मंडळ प्रभादेवीचं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या गिरणी कामगारांनी काढलेलं. त्यातले आता माझे काका तेवढे उरलेत, वय ८१, अध्यक्ष. चाळीत तळमजल्याला १८० फुटांची खोली आणि चाळीमागे मातीचं मैदान. चाळ पुनर्विकासाला गेलीय. बिल्डर म्हणतो, मंडळाने इथली खोली सोडावी, बदल्यात बदलापूरला दीड गुंठा जागा आणि पत्र्याची शेड बांधून देतो, वर थोडी रक्कम. आमच्या ९२ सभासदांपैकी प्रभादेवीत राहतात ११. बाकीचे विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर. तरुण सभासद म्हणतात, चला, स्वतःची जागा होईल. काका म्हणतात, मी मेल्यावर न्या. खोलीच्या भाड्याची पावती काकांच्या नावावर आहे, पण ती नुसती नावापुरती. सरावाला रोज वीसेक मुलगे आणि ११ मुली येतात, सगळी आसपासच्या चाळींतली, वस्तीतली, गावचं कुणी नाही. सराव बहुतेक वेळा आमची एक जुनी खेळाडू घेते. तीही गावची नाही, म्हणून कमिटीत नाही. मी डोंबिवलीहून येतो. ऑफिस सुटलं की सहाला मंडळ उघडतो, नऊला बंद करतो, घरी साडेदहा. बायको म्हणते, मंडळ बदलापूरला गेलं तर निदान घराच्या दिशेला तरी जाल. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. मंडळ हलवावं का? आणि काकांना कसं समजवावं?
— चिटणीस, प्रभादेवी

चिटणीस,

तुमचे दोन्ही प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत, पण मी अडकले मधल्याच एका वाक्यापाशी. 'पावती काकांच्या नावावर आहे, पण ती नुसती नावापुरती.' अहो, मुंबईत पावती नावापुरती नसते. बदलापूर की प्रभादेवी हे राहू द्या बाजूला, आधी हे निस्तरा.

असं का झालं असेल ते मला कळतं. मालक मंडळाच्या नावाने पावती फाडायला नाखूश असायचे. मग चौघांतला एक विश्वासू माणूस पुढे व्हायचा. नाव त्याचं, भाडं वर्गणीतून. गावकीच्या खोल्यांचंही तेच होतं. पाळ्या लावून वीस जण झोपायचे, पावती एकाची. काकांनी इतक्या वर्षांत त्या खोलीतला चौरस इंचसुद्धा स्वतःचा मानला नसेल, यावर माझा विश्वास आहे. पण पुनर्विकासात माणूस बोलत नाही, कागद बोलतो. तुमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे भाडेकरूंची प्रमाणित यादी असते. तुमच्या खोलीपुढे त्या यादीत काय लिहिलंय हे कमिटीतल्या कुणी डोळ्यांनी पाहिलंय? काकांचं नाव आणि पुढे 'निवासी' असेल तर त्या यादीच्या लेखी तुमचं मंडळ नाहीच. निवासी खोलीला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. ते काकांना मिळणार, त्यांच्यामागे त्यांच्या मुलांना. 'अनिवासी' असेल तर आहे तेवढीच जागा, म्हणजे १८० फूट. दोन्हींत फरक केवढा, बघा.

आता त्या प्रस्तावाकडे वळा. प्रभादेवीतल्या ३०० फुटांच्या किमतीत बदलापूरला अशा पत्र्याच्या शेडी किती उभ्या राहतील, हे गणित तुमच्या कमिटीतल्या एखाद्या हिशेबनीसाला घालून बघा. बिल्डर काही दानधर्माला निघालेला नाही. आणि काकांची मुलं आज गप्प आहेत म्हणजे कायम गप्प राहतील असं धरून चालू नका. ती वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पण मुंबईत ३०० फूट समोर आले की भल्या माणसाचाही घास घशात अडकतो.

तेव्हा सभेआधी एवढं कराच. दुरुस्ती मंडळातून त्या यादीची प्रत काढा. मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या शोधा, ज्यांत दर महिन्याचं भाडं मंडळाने भरल्याची नोंद आहे. तुमची नोंदणी झालेली असणार, तर वरळीच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मागवा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मंडळाची मालमत्ता असते. (माझा अंदाज सांगते, त्या उताऱ्यात तीन-चार दिवंगत मंडळी अजून विश्वस्त म्हणून नांदत असतील. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि खेळाच्या मंडळांत तो कुणी देत नाही.) मग काकांकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या, की ही खोली पहिल्यापासून मंडळाच्या वापरात आहे, भाडं मंडळ भरतं आणि माझा किंवा माझ्या वारसांचा तिच्यावर वैयक्तिक हक्क नाही. मुलांच्या सह्याही त्याच बैठकीत. हे सगळं वकिलाला दाखवा, फुकटात सल्ला देणाऱ्या भाच्याला नको. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात कलम ३६ आहे. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची किंवा अदलाबदल करायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या भाडेहक्काला ते कसं लागू होतं, हे वकीलच सांगेल. हात वर करून मतदान झालं आणि विषय मिटला, असं मात्र होत नाही.

आता बदलापूर. तुमच्या तरुण सभासदांनी ती जागा टेप लावून मोजलीय का? दीड गुंठा म्हणजे जेमतेम १५१ चौरस मीटर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० तिथेच गेले. उरल्या २१ मीटरमध्ये खोली, राखीव खेळाडू, पंच, चपला आणि तुम्ही. चढाईला आलेला पोरगा निसटून धावला की थेट पत्र्यावर. मुलींचं मैदान १२ बाय ८, ते बसेल, पण मुली तिथे येणार कोण? शिवाय सातबारा बघा, जमीन बिनशेती आहे का बघा. जमिनीचे बारीक तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि हल्ली सवलती आल्या असल्या तरी दीड गुंठ्याचा दस्त सहज नोंदला जाईल असं समजून सही करू नका. आणि उल्हास नदीची पूररेषा कुठून जाते तेही विचारा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडली होती, आठवतंय ना? स्वस्तात जमीन मिळतेय म्हटल्यावर मी आधी पाण्याची चौकशी करते. दहिसर नदीपासून हाकेच्या अंतरावर राहून हे शहाणपण आलंय.

समजा जागा उत्तम निघाली. अडीच गुंठे, बिनशेती, उंचावर. तरीही मी नको म्हणेन.

तुमचं मंडळ एक नाही, दोन आहेत. एक आहे गावकी. गिरणीच्या कामासाठी बोटीने आलेली माणसं, पालखीला आणि गणपतीला एकत्र जायचं, कुणाच्या अडीअडचणीला धावायचं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरवायचं. दुसरं आहे संध्याकाळी सहाचा सराव. तुमच्या काकांच्या काळात ही दोन्ही एकच होती, कारण खेळणारे आणि वर्गणी देणारे एकाच खोलीत झोपत होते. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, खोल्या विकून माणसं विरार-बदलापूरला गेली. त्याबरोबर गावकीही गेली. सराव मात्र गेला नाही. तो कुणा दुसऱ्यांनी उचलला, त्या ३१ पोरापोरींनी, ज्यांना तुमचं गाव गुहागरच्या उत्तरेला की दक्षिणेला हेही ठाऊक नसेल.

गावकीला जागा कसलीही चालते. महिन्यातून एकदा भेटायचं, बदलापूरच्या कुणाच्या गच्चीवर, डोंबिवलीच्या एखाद्या हॉलमध्ये. उलट तिकडेच सोयीचं. सरावाचं तसं नाही. बारा वर्षांचं पोर शाळेतून येतं, दप्तर टाकतं, चहा-चपाती खातं आणि पायात चपला सरकवून पाच मिनिटांत मैदानात. ते लोकलने येत नाही. मुलींच्या बाबतीत तर मैदान चार गल्ल्या लांब गेलं तरी आई नको म्हणते. बदलापूर दादरहून साठेक किलोमीटर. तिथे तुम्ही जे न्याल ते मंडळाचं नाव, कपाट आणि ढाली.

हे सांगताना मला घोडे आठवले. ऐका, विषयांतर नाही. घर सोडून आलेला माणूस आधी खानावळ शोधतो आणि मग खेळायची जागा. हे आपल्या चाकरमान्यांचं, तसंच इंग्रजांचंही. त्यांनी १८७५ मध्ये मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना थाटला, फक्त गोऱ्यांसाठी. त्यांच्या घोड्यांच्या शर्यती आधी भायखळ्याला व्हायच्या, त्या १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या. त्या काळच्या हिशेबाने ते शहराबाहेरच. पण शर्यती बंद पडल्या का? नाही. कारण शौकिनांकडे बग्ग्या होत्या. क्लब कुठेही नेला तरी सभासद मागोमाग जाणार. २०१३ ला रेसकोर्सचा भाडेपट्टा संपला, पुढे बरीच वर्षं घोळ झाला आणि २०२४ मध्ये २११ एकरांतले १२० एकर पालिकेच्या उद्यानाला द्यायचं ठरलं, तरी क्लबकडे ९१ एकर राहिलेच. एका एकरात ४० गुंठे असतात. तुम्ही दीडावर सभा बोलावताय. असो. सांगायचं ते असं, की बग्गीवाल्यांच्या क्लबचं उदाहरण चपलेवाल्यांच्या मंडळाला लावू नये.

माझंही एक सांगते. मी गिरगावात खो-खो खेळायचे. आमच्या मैदानावर बांधकाम निघालं, तेव्हा सांगितलं गेलं की दीड वर्षासाठी तात्पुरती दुसरी जागा देतो. दिली, कांदिवलीला. पहिल्या आठवड्यात आम्ही सोळा जणी गेलो, घोळक्याने, भेळ खात, गाणी म्हणत. दिवाळीपर्यंत पाच उरलो. नऊ जणी लागतात हो खेळायला! सर येऊन उभे राहायचे, आम्ही पाच जणी नुसत्या खांबाभोवती पळायचो आणि परतीची गाडी पकडायचो. मूळ मैदान पुढे मिळालंही. पण तोवर खेळणाऱ्या मुली नव्हत्या. खो-खोचे ते दोन खांब किती तरी वर्षं एकीच्या जिन्याखाली पडून होते, त्यावर तिची आई पापड वाळत घालायची.

म्हणून 'तात्पुरतं' या शब्दाला तुम्ही बदलापूरपेक्षा जास्त घाबरा. तुम्ही प्रभादेवीत राहायचं ठरवलंत तरी चाळ पाडून नवी इमारत उभी राहीपर्यंत चार-पाच वर्षं जाणार. चाळीमागची माती तुमची नव्हतीच, मालकाची होती, ती बहुतेक पार्किंगखाली जाईल. नव्या इमारतीच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी दोन तास सराव करू द्यावा, हे करारात लिहून मागा जरूर. पण खरं सांगू? पस्तिसाव्या मजल्यावरच्या नव्या रहिवाशांना पोरांचा आरडाओरडा सहा महिने कौतुकाचा वाटेल, मग तक्रारी सुरू होतील. तेव्हा सरावाची सोय आजच दुसरीकडे बघायला लागा, चाळीपासून चालत जाता येईल अशी. जवळच्या पालिका शाळेचं पटांगण संध्याकाळी रिकामं असतं. नर्दुल्ला टँक मैदान आहे. पालिकेच्या जी दक्षिण विभाग कार्यालयात आणि शिक्षण खात्यात अर्ज घेऊन खेटे घालावे लागतील. ते काम तुमच्या ९२ सभासदांतल्या रिटायर झालेल्यांना द्या, त्यांना खेटे घालायला आवडतं. चाळ उभी आहे तोवरच आठवड्यातले दोन दिवस नव्या जागी सराव सुरू करा, म्हणजे पोरांच्या पायांना वाट माहीत होईल. हक्काची खोली, १८० असो की ३०० फूट, प्रभादेवीतच राहू द्या. मॅटचे तुकडे, ढाली, औषधपेटी ठेवायला तेवढी पुरे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या कमिटीच्या लक्षात आली नसावी. आज तुमचं मंडळ मुंबई शहर जिल्हा संघटनेत मोडतं. बदलापूर ठाणे जिल्ह्यात. तिकडे गेलात तर नव्याने नोंदणी, नवी निवड चाचणी आणि आज ज्या पोरी मुंबई शहराच्या संघाकडे डोळे लावून बसल्यात त्यांचं काय, याचं उत्तर सभेत कुणाकडे तरी असायला हवं. बदलापूरच्या तरुणांना तिथे कबड्डी सुरू करायचीच असेल तर जरूर करावी. तिथल्या पोरांना घेऊन, नवं मंडळ म्हणून. पैसे गोळा करा, मी स्वतः वर्गणी देईन. पण इथलं उपटून तिथे लावायचं म्हणाल तर दोन्हीकडे नुसता खड्डा राहील.

आता त्या मुलीकडे येते. तुम्ही तिच्यावर दोनच वाक्यं खर्च केलीत. सराव ती घेते. मुलींच्या आया तिच्या भरवशावर पोरी पाठवतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मी धरून चालते. ती गावची नाही म्हणून कमिटीत नाही. चिटणीस, तुमच्या ९२ सभासदांतल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात मैदानात पाय ठेवला? गणपतीची सभा सोडून? ती रोज येते. घटनेत 'सभासद गावचा असावा' असं कलम असणार, तुमच्या काकांनी मंडळींसोबत बसून लिहिलेलं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं, कारण परक्या शहरात गावाशिवाय कोण होतं? आज ते कलम बदलायला हवं. घटनादुरुस्तीची रीत घटनेतच दिलेली असते, किती दिवसांची नोटीस, किती मतं. ते वाचा आणि हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, जागेच्या विषयाच्या आधी. जिच्यावर सराव उभा आहे तिला मत नाही आणि बदलापूरच्या भाचेमंडळींना आहे, अशा सभेत जागेचा निर्णय घेऊ नका.

विरोध होईल. 'उद्या मंडळ परक्यांच्या हातात जाईल' असं कुणीतरी म्हणेलच, बहुधा जो वर्गणी थकवतो तोच. त्याला विचारा, सहाला येऊन खोली उघडशील का?

यावरून तुमचा न विचारलेला प्रश्न आला. बायकोचं वाक्य तुम्ही पत्रात सहज घातलंत, पण ते सहज नाही. तुम्ही थकलात. मंडळ घराच्या दिशेला आलं तर बरं, असं नुसतं तिलाच नाही, तुम्हालाही वाटतंय, आणि त्याची तुम्हाला लाज वाटतेय. वाटू देऊ नका. डोंबिवलीहून येऊन इतकी वर्षं रोज कुलूप उघडणं ही काही थोडी सेवा नव्हे. पण तुमचा थकवा आणि मंडळाची जागा हे दोन वेगळे विषय आहेत. थकव्यावरचा उपाय म्हणजे दुसरी चावी करून घेणं. पन्नासेक रुपयांत होते.

राहिले काका. त्यांना समजवायचं काही नाही, त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त कारण वेगळं आहे. बदलापूर म्हटल्यावर त्यांच्या कानात 'हाकललं' असं वाजत असणार. गिरणी कामगारांना शेलू-वांगणीला घरं देऊ म्हटल्यावर माणसं आझाद मैदानावर उतरली होती, ती काही उगाच नाही. ज्यांनी हे शहर उभं केलं त्यांनाच रेल्वेच्या टोकाला पाठवायचं, हा राग त्या पिढीच्या हाडात आहे. तेव्हा त्यांच्याशी बदलापूरच्या गोष्टी बोलूच नका. रविवारी सकाळी जा. भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा बरोबर न्या आणि विचारा, पहिली पावती फाडली तेव्हा खोलीत कोण कोण होतं. ते सांगतील, तासभर सांगतील, मध्येच थांबतील. लिहून घ्या, फोनवर रेकॉर्डही करा. ते बोलून झाले की प्रतिज्ञापत्राचा विषय काढा, त्यांच्या मुलांदेखत: 'काका, हे मंडळाचं आहे हे तुम्हीच लिहून दिलंत तर उद्या कुणाला बोट ठेवता येणार नाही.' ते सही करतील. बघा, पहिला राग त्यांना तुमच्यावर येईल तो इतकी वर्षं का विचारलं नाहीस म्हणून.

आणि जाताना त्या मुलीला बरोबर न्या. ओळख करून देताना 'ही सराव घेते' एवढंच म्हणा, पुढचं ती दोघं बघून घेतील. काकांना तिच्या पकडीबद्दल काहीतरी सांगायचं असणारच, जुन्या खेळाडूंना असतंच. परत येताना दादरला उतरून दुसरी चावी बनवून तिच्या हातात द्या आणि बायकोला फोन करा की या आठवड्यापासून मंगळवार आणि गुरुवार साडेसातला घरी.

— ताई